दापुऱ्याच्या एका घराची सुखदुःखे



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत प्रत्येकीने आपापल्या परीने चार ओळी लिहाव्यात असे चिटणीसबाईंनी सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. घरकाम आटोपून दुपारी वाचनालयातील पुस्तक चाळावे, एवढाच काय तो माझा विद्याव्यासंग. तेव्हा या लेखात पांडित्य शोधू नये. आपल्याच वऱ्हाडातील एका घराची हकीकत मी वाचली, ऐकली व तिच्यावर पुष्कळ दिवस विचार केला, ती येथे सांगते.

दुःख माणसाला शिकविते, असे आपण नेहमी म्हणतो. कोणाच्या घरी काही विपरीत घडले की सांत्वनाला गेलेल्या बाया हेच बोलतात. पण खरेच दुःख शिकविते काय? एकाच आळीत दोन घरी सारखे संकट येते. एका घरची माणसे त्यातून शहाणी व मायाळू होऊन निघतात, दुसऱ्या घरची कडू होतात, नाही तर व्यसनाला लागतात. दुःख तेच, मग फळ वेगळे का? याचे उत्तर मला श्री गाडगेबाबांच्या घरच्या इतिहासात सापडले. बाबांचा खराटा आणि गाडगे शाळेतल्या पोरासही ठाऊक आहे. परंतु ज्या घरात ते वाढले त्या घराची, त्यांच्या आईची आणि पत्नीची आठवण आपण फारशी काढीत नाही. बायकांच्या स्मरणिकेत ती निघावी असे मला वाटले.

त्या घराची कथा समजण्यासाठी आधी वऱ्हाडची थोडी कथा समजली पाहिजे. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत आपसांतील युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि त्यांची नजर आपल्या काळ्या जमिनीकडे वळली. कापसाला कधी नव्हे असा भाव आला. १८६७ पर्यंत अकोला, बडनेऱ्यावरून रेल्वे नागपूरला पोहोचली. १८७० त खामगावला आणि १८७१ त अमरावतीला फाटे गेले. ज्याच्या त्याच्या वावरात पऱ्हाटी उभी राहिली. पण युद्ध संपल्यावर भाव खाली आला. भाव उतरला तरी सरकारचा सारा रोख द्यावाच लागे, लग्नकार्ये थांबत नसत, आणि हाती पैसा नसला की सावकाराच्या ओट्यावर जाऊन अंगठा उठवावा लागे. चढत्या भावात वाढलेला खर्च उतरत्या भावात आटोपत नाही, हे आपणां गृहिणींना कोणी शिकवायला नको.

शेतकऱ्याच्या मागे बलुतेदार असत. परीट, न्हावी, सुतार, लोहार यांना सुगीला खळ्यावर धान्य मिळे. कुणब्याच्या घरी उणे पडले की त्याचा चटका बलुतेदाराच्या चुलीलाही बसे. अशाच एका परिटाच्या घरी, आजच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे, २३ फेब्रुवारी १८७६ रोजी महाशिवरात्रीच्या दिवशी मुलगा जन्मला. त्याचे नाव डेबूजी. वडील झिंगराजी जानोरकर, आई सखूबाई.

झिंगराजी मुळात वाईट माणूस नव्हता. पण त्या काळी देवाचा नवस असो, बारसे असो की तेरावे असो, जातीच्या पंगतीला दारू आणि मटण हवेच, अशी चाल होती. न दिले तर चारचौघांत नाक कापले जाई. पंगतीत सुरू झालेला प्याला पुढे घरात आला. प्रकृती गेली, घरातले होते नव्हते ते गेले, आणि १८८४ साली झिंगराजी वारला. डेबूजी तेव्हा आठ वर्षांचा होता. अखेरच्या दिवसांत झिंगराजीला पश्चात्ताप झाला आणि पोराला या वाटेला जाऊ देऊ नको असे त्याने सखूबाईला सांगितले, असे चरित्रकार लिहितात.

आता या सखूबाईकडे जरा बघा. नवरा गेलेला, पदरात आठ वर्षांचे लेकरू, सासरी आधार नाही. त्या वेळच्या कायद्याने मुलगा असलेल्या विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत पोटापुरते अन्नवस्त्र मिळाले तर मिळे, वाटा म्हणून मिळत नसे. आणि येथे मिळकतच उरली नव्हती. अशा बाईने कपाळाला हात लावून बसावे, नाही तर चार घरची धुणी धुऊन कसाबसा काळ कंठावा. सखूबाईने पोराला घेतले आणि मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी भावाच्या, चंद्रभानजीच्या, घरी ती आली. माहेरी जाऊन राहणे म्हणजे मिंधेपणा पत्करणे होय, हे प्रत्येकीला ठाऊक आहे. भावजयीच्या चुलीपाशी बसताना मान खालीच राहते. परंतु दारूच्या पंगतीपासून पोराला दूर नेण्याची जी एक वाट तिच्यापाशी होती, ती तिने धरली. बाबांच्या चरित्रातले पहिले मोठे काम हे मी सखूबाईचे समजते.

दापुऱ्याला डेबूजी मामाची गुरे राखू लागला. गोठा झाडावा, शेण काढावे, बैल धुवावेत, कडबा घालावा, ही त्याची शाळा. दुसरी शाळा त्याला मिळाली नाही. त्याने राखलेला गोठा आरशासारखा लख्ख असे, असे सांगतात. पुढे पूर्णेच्या काठच्या धारकऱ्याने हाती घेतला तो खराटा गोठ्यातूनच आलेला होता. हळूहळू तो वखरणी, पेरणी, डवरणी करू लागला. त्याच्या अंगमेहनतीने मामाची शेती वाढली. घरात दूधदुभते आले, कणगी भरली. सखूबाईला आता डोके वर काढता आले असेल. १८९२ साली डेबूजीचे लग्न झाले आणि कुंताबाई घरात आली. हा त्या घराचा चढाचा काळ.

मग उतार आला. मामाने सावकाराकडून पैसा घेतला होता. फेडीत गेले किती, राहिले किती, हे मामाला वाचता येत नव्हते. कागद सावकाराचा, आकडे सावकाराचे, आणि खाली अंगठा आपला. एके दिवशी कळले की घामाने पिकविलेली जमीन कागदावर सावकाराची झाली आहे. मामाने त्या दुःखाने हाय खाल्ली आणि त्यांचा अंत झाला. सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा डेबूजीने औत सोडले नाही, उलट त्यांना शेतातून हुसकावून लावले. गावात त्याचे नाव झाले. पण मामा काही परत आले नाहीत. त्यावर वऱ्हाडात १८९६-९७ चा आणि पुन्हा १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ पडला. माझी आजी तिच्या आजीकडून ऐकलेले सांगे, “बाप्पा, त्या सालात मानसानं मानूस वळखलं नाई.”

आता माझा पहिला मुद्दा सांगते. झिंगराजी आणि डेबूजी हे बापलेक. जात तीच, गरिबी तीच, रिवाज तेच. बापाने दुःखात प्याला धरला, मुलाने खराटा धरला. म्हणजे दुःख आपणहून कोणाला काही शिकवीत नाही. दुःख आल्यावर हात कशाला लागतो, त्यावर पुढचे ठरते. डेबूजीचा हात कामाला लागला, कारण सखूबाईने त्याला कामाच्या घरी आणून ठेवले होते.

याची साक्ष त्याच्या पहिल्या मुलीच्या बारशाला पटली. सारा गोतावळा जमला. दारू-मटणाची पंगत सगळ्यांनी गृहीत धरली होती. डेबूजीने पानात गोडाचे जेवण वाढले. भाऊबंद रागावले, रिवाज मोडला म्हणून कुरकुर झाली, पण तो हटला नाही. ज्या पंगतीने बाप खाल्ला ती पंगत मी घालणार नाही, हे त्याने न बोलता सांगितले. भगिनींनो, सभेत दारूबंदीवर बोलणे सोपे आहे. आपल्या घरच्या कार्यात, सोयऱ्यांसमोर, वाढणे हाती असताना रिवाज मोडणे फार अवघड. आणि त्या दिवशी चुलीपुढे उभ्या राहून ते गोडाचे रांधणाऱ्या बायाच होत्या, हेही लक्षात घ्यावे.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटे, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, डेबूजीने घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात काठी आणि एक मातीचे गाडगे. पुढची बारा वर्षे ते गावोगाव फिरले. कोणाच्या गावी गेले की आधी रस्ता झाडावा, कोणाची लाकडे फोडून द्यावीत, मग भाकर मागावी. दिली तर झाडाखाली बसून खावी, कोणी हाकलले तर पुढचा गाव धरावा. लोक त्यांना गाडगेबुवा म्हणू लागले.

येथे माझे मन अडखळते, आणि ते झाकून ठेवणे मला बरे वाटत नाही. बाबा घर सोडून गेले. घरात म्हातारी आई, तरुण पत्नी आणि लेकरे होती. ज्या सखूबाईने एकदा नवरा गमावला, तिचा एकुलता एक आधारही गेला. कुंताबाई तर सधवा असून एकटी झाली. चरित्रांच्या पुस्तकांत तिच्या वाट्याला फार पाने आलेली नाहीत. तिने चूल कशी पेटवली असेल, लेकरांनी “बाबा कोठे आहेत?” म्हणून विचारले तेव्हा काय सांगितले असेल, हे कोणी लिहून ठेवले नाही. जाणाऱ्याचे मोठेपण मी मानते. परंतु राहणाऱ्या माणसाने घर धरून ठेवले नसते, तर जाणाऱ्यालाही निश्चिंतपणे जाता आले नसते. बाबांच्या पुण्याईत सखूबाई आणि कुंताबाई यांचा वाटा आहे, तो आपण बायांनी तरी मोजला पाहिजे.

अमरावती जिल्ह्यात भातकुली तालुक्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन हे क्षेत्र आहे. पौष महिन्यातील रविवारी तेथे यात्रा भरते. नदीला उतरायला घाट नव्हता. काठच्या चिखलात म्हातारी माणसे आणि ओलेत्या बाया घसरून पडत. १९०७-०८ च्या सुमारास बाबांनी तेथे एकट्याने फावडे घेऊन चिखल ओढायला व दगड लावायला सुरुवात केली. बघता बघता यात्रेकरू हात लावू लागले, आणि पुढे तेथे पक्का घाट झाला. याच यात्रेत आईची व घरच्यांची त्यांच्याशी गाठ पडली असे सांगतात. किती आकांत झाला असेल! पण ते घरी परतले नाहीत. घरची माणसे मात्र पुढे ऋणमोचनला त्यांच्या कामाशेजारी झोपडी करून राहिली. लाखो रुपयांच्या इमारती उभ्या करणाऱ्या माणसाच्या घरच्यांना त्या इमारतींतील एक खोलीही मिळाली नाही. लोकांचा पैसा लोकांसाठी, हा नेम त्यांनी पाळला आणि त्याचा भार घरच्या बायांनी उचलला.

१९१७ पासून पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळेचे काम सुरू झाले. वारीत ज्यांना कोणी ओसरीवर उभे करीत नसे त्यांच्यासाठी ती होती. पुढे १९४९ साली बाबांनी ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. नाशिक, आळंदी, मूर्तिजापूर अशा ठिकाणी धर्मशाळा झाल्या. मुंबईला जे. जे. रुग्णालयाजवळ रोग्यांच्या नातेवाईकांसाठी सोय झाली. ज्याला इस्पितळाच्या पायरीवर रात्र काढावी लागली असेल त्यालाच या धर्मशाळेचे मोल कळेल. दादरला बाबांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात कर्करोगाच्या उपचारासाठी जाणाऱ्या गोरगरिबांची तेथे सोय होते. आपल्या अकोला-अमरावतीकडचे कितीतरी लोक तेथे राहून आले आहेत.

आता या सर्व कामांची यादी त्या दापुऱ्याच्या घराशेजारी ठेवून पाहा. बाप दारूने गेला, म्हणून कीर्तनात दारूविरुद्ध बोलणे. मामा अंगठ्याने बुडाला, म्हणून प्रसंगी जेवणाचे ताट विका, हातावर भाकरी घेऊन खा, पण पोरांना शाळेत घाला, असे सांगणे. देवाच्या नावाने बोकड आणि कर्ज दोन्ही कापले जाते, म्हणून नवसाविरुद्ध व ऋण काढून केलेल्या लग्नाविरुद्ध बोलणे. स्वतः बारा वर्षे उघड्यावर झोपले, म्हणून परक्याच्या निवाऱ्यासाठी धर्मशाळा. घरावर पडलेला एकेक घाव त्यांनी दुसऱ्याच्या उपयोगाला लावला. आपले दुःख उराशी धरून बसले असते तर तेही झिंगराजीच्या वाटेने गेले असते. बाबांचे कीर्तन प्रश्नोत्तरांचे असे आणि त्यातले प्रश्न त्यांना पोथीतून शोधावे लागत नसत. ते घरातूनच आलेले होते.

सर्वांत मोठा घाव १९२३ साली बसला. मुलगा गोविंदा कुत्रा चावल्याचे निमित्त होऊन वारला. बाबा त्या वेळी कोकणात खारेपाटणला होते. कीर्तन चालू असता ही वार्ता आली, तेव्हा एवढी माणसे मरतात, त्यांत एकासाठी काय रडावे, अशा आशयाचे बोलून त्यांनी कीर्तन पुढे चालविले, असे सांगतात. ऐकणारे धन्य धन्य म्हणाले. मला मात्र तेव्हाही कुंताबाईच आठवते. तिच्यासमोर कीर्तनाला बसलेले हजारो लोक नव्हते. तिच्यासमोर रिकामे अंथरूण होते. तरी ती उठली, आणि पुढेही त्या कामाजवळच राहिली. हे धैर्य कमी दर्जाचे कसे म्हणावे?

बाबांनी ८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगे महाराज मिशन स्थापन केले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येत असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी त्यांनी देह ठेवला. अमरावतीला गाडगेनगरात त्यांची समाधी आहे. एकही इयत्ता न शिकलेल्या या गुराख्याचे नाव २००५ सालापासून अमरावती विद्यापीठाला आहे. मामाच्या अंगठ्याची ही फेड म्हणावी काय?

इतिहास येथे संपला असता तर लेखही संपवला असता. पण दापुऱ्याचे ते घर आजही वऱ्हाडात गावोगाव आहे. कापसाचा भाव चढतो-उतरतो, कर्ज साचते, आणि कित्येक घरच्या कर्त्या माणसांनी विषाचा प्याला जवळ केला. २००६ साली पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग येथे येऊन गेले, मदत जाहीर झाली, तरी ही दुःखे थांबली नाहीत. प्रत्येक अशा घरात एक सखूबाई मागे राहते. फरक एवढाच की सखूबाईला जे नव्हते ते आज आहे. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला मिळकतीत हयातीपुरता हक्क मिळाला, आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने पूर्ण मालकीचा हक्क मिळाला. २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलासारखाच झाला. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली अवैध सावकाराने हडपलेली जमीन परत मागता येते. हक्क कागदावर आहेत. पण कागद वाचला पाहिजे आणि सातबाऱ्यावर नाव चढले की नाही हे स्वतः तलाठ्याकडे जाऊन पाहिले पाहिजे. आपल्या मंडळात हळदीकुंकवाबरोबर वर्षातून एक दिवस सातबारा वाचायचा ठेवावा, अशी माझी सूचना आहे.

स्वतःचे थोडे सांगते. आमच्या घरची मिळकत एका जिनावर होती. तो बंद पडला आणि दोन वर्षे फार ओढाताणीची गेली. दिवसभर मन त्याच त्या विचारात फिरे. त्या दिवसांत शेजारच्या एका आजीबाई अंथरुणाला खिळल्या. घरी त्यांचे करणारे कोणी नव्हते, म्हणून मी दोन वेळची भाकरी नेऊन देऊ लागले, अंग पुसू लागले. पैशाची अडचण त्यामुळे सुटली नाही, ती पुढे हळूहळू सुटली. पण तेवढा वेळ मन आपल्या दुःखाबाहेर जाई, आणि परत येताना थोडे हलके होऊन येई. बाबांचे थोर काम कोठे आणि माझी दोन भाकरी कोठे! तरी वाट तीच आहे असे मला वाटते.

म्हणून यापुढे कोणाच्या घरी सांत्वनाला जाऊ तेव्हा “दुःख माणसाला शिकविते” एवढे बोलून परतू नये. सखूबाईला भावाने घर दिले, पोराच्या हाताला काम दिले, मग पुढचे सारे घडले. दुःखी घराला तसे घर, काम आणि सोबत देणारे कोणीतरी लागते. ते काम मंडळाने करावे. ज्या भगिनीवर वेळ आली आहे तिला आठव्या दिवशी आपल्या बैठकीला घेऊन यावे, तिच्या हाती काहीतरी काम द्यावे, आणि तिच्या पोराची शाळा सुटणार नाही एवढे पाहावे.

लेख लांबला, क्षमा असावी. उणे-अधिक आपण सांभाळून घ्याल अशी खात्री आहे. आपल्या मंडळाचा उत्कर्ष होवो, ही ईश्वरचरणी प्रार्थना.

आपली एक भगिनी